चौथ्या फरशीत पाणी मुरलं कसं?

१

पैज लागली ती बेडकावरून.

आमच्या गल्लीत सगळी दुकानं शूटिंगवाल्यांची. मी पाऊस विकतो. हसू नका, खरंच विकतो. टाकी, पंप, वर नळ्या आणि फवारे. हिरोइनला भिजायचं असलं की डायरेक्टर आभाळाकडे बघत नाही, मला फोन करतो. समोर आमच्या हिचं कपडेपटाचं दुकान, तिथे पोलिसापासून राक्षसापर्यंत कोणालाही भाड्याने कपडे मिळतात. गल्लीच्या तोंडाशी मामांचे दिवे. जुने, दणदणीत, पेटवले की जवळ उभं राहवत नाही असे. आणि मामांना खेटून नवं दुकान, त्यांच्याच सख्ख्या भाचीचं. गल्ली तिला लाइटताई म्हणते.

स्टुडिओतली कायमची नोकरी सोडून ताईने हे दुकान टाकलं होतं. माल एकच, एलईडीच्या चपट्या चौकोनी पाट्या. एकीला दुसरी खटकन जोडायची आणि हवी तेवढी प्रकाशाची भिंत उभी करायची. ऊन, धूळ, पाऊस, कशालाच दाद देत नाहीत म्हणे. दिसायला फरशीसारख्या, म्हणून आम्ही त्यांना फरश्याच म्हणायचो.

त्या संध्याकाळी चहाला सगळे माझ्या ओट्यावर होते. ताई म्हणाली, "पाऊसकाका, उद्या सकाळी तुमच्या पावसात माझी भिंत टिकते की नाही बघाच."

"माझ्या पावसात? अगं, माझ्या पावसात व्हिलनची मिशी वाहून गेलीय."

"मिशी चिकटवलेली होती. माझ्या फरश्या सीलबंद आहेत."

मामा नेहमीसारखे घोगरं खोकले आणि त्यांनी बशी खाली ठेवली. "विजेला पाण्यात उभी करायची म्हणजे काय खेळ आहे? मी पाऊसवाल्याच्या बाजूने."

"मामा, तुम्ही माझे मामा ना?"

"मामा आहे म्हणूनच."

मग आमची ही बोलली. हिच्याकडे एक हिरवा बेडूक आहे, कुठल्याशा लहान मुलांच्या कार्यक्रमातला. वास असा, की फुकट दिला तरी कोणी नेत नाही. "हरेल त्याने बेडूक घालायचा," ही म्हणाली, "आणि यांच्या पावसात, सगळ्या गल्लीसमोर, डराव डराव करत उड्या मारायच्या."

सगळे खिदळले. ताईचा नवरा तेवढा हसला नाही. भावोजी शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे विनोदसुद्धा आधी तपासून घेतात. हळूच म्हणाले, "उद्या संध्याकाळी चॅनेलच्या इंजिनिअर मॅडम येतायत. आणि सकाळी कसल्या पैजा लावताय?"

ते खरं होतं. मैदानावरच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण करणारं मोठं चॅनेल. मॅडमना फरश्या पटल्या तर ताईचं दुकान उभं राहिलं. नाही पटल्या तर कारखानेवाला सगळा माल परत नेणार, आणि ताई जुन्या साहेबांच्या दारात उभी.

"म्हणून तर सकाळी," ताई म्हणाली. "काकांच्या पावसातून पास झाली की मॅडमसमोर मला घाम फुटणार नाही."

तिने तेव्हाच माझ्या मागच्या आवारात चार फरश्यांची भिंत उभी केली आणि वर ताडपत्री टाकली. आवाराला फाटक आहे, पण कडी नुसती नावाला.

२

सकाळी ताईने ताडपत्री काढली, भिंत पूर्ण जोरात पेटवली. आम्ही डोळ्यांवर हात धरले. फरश्या चांगल्या तापू दिल्या आणि मग मी कॉक फिरवला.

पाऊस म्हणजे काय पाऊस! टाकीतलं गारेगार पाणी, धो धो. भिंत आपली शांत, पांढरीशुभ्र. मी मनातल्या मनात बेडकाच्या वासाची तयारी करायला लागलो.

आणि खालच्या कोपऱ्यातली चौथी फरशी फडफडली. एकदा, दोनदा. गेली.

ताई पळत गेली, लाइन बंद केली. सगळे तिच्यामागून भिंतीला भिडले, पुढून, मागून, नुसती झुंबड. चौथीच्या काचेआड चक्क पाणी हलत होतं. आत दोन मासे सोडले असते तर शोभा आली असती, पण हे मी बोललो नाही. जीव प्यारा होता.

मी पैज जिंकलो होतो. पण कोणी अभिनंदन करेना. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती, आणि तशी नजर मला ओळखीची आहे. मामांच्या चपला जमिनीला चिकटवल्या होत्या तेव्हाची. भावोजींच्या एकट्याच्या डोक्यावर पाऊस पाडला होता तेव्हाची.

"काका," ताई म्हणाली. आवाज अगदी खाली. "ही तुमची गंमत असेल तर आत्ता सांगा. मी हसून सोडून देईन."

"आईशप्पथ, मी नाही."

"माझ्या आईची शप्पथ घेऊ नका."

"माझ्या आईची घेतोय!"

कोणी हसलं नाही. मामा तर भिंतीमागून निघून तडक फाटकाबाहेर गेले. ताईने ओली फरशी उलटी केली, मागचा भाग पुसून पुसून बघितला, सगळी जोडणी चाचपली. "सगळं जागच्या जागी आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे माल खराब आहे. मग बाकीच्या तरी चांगल्या कशावरून?"

ती गेली. भावोजी तिच्यामागे गेले. आवारात मी उरलो आणि आमची ही. ती माझ्या पायांकडे टक लावून बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या बुटाला काय चिकटलंय?"

३

काळी कापडी टेप. अंगठ्याएवढा तुकडा, माझ्या गमबुटाच्या तळव्याला. त्याचं एक टोक नीट आत दुमडलेलं.

"अहो, खरं सांगा."

"तूपण?"

"बायकोने नाही विचारायचं तर कोणी?"

मी फरशीपाशी बसलो. फरशीच्या पाठीवर एक तिळाएवढं भोक होतं. ताईने पुसलं होतं तरी मी वरून ओंजळभर पाणी सोडलं. पाऊसवाला आहे, पाणी कसं वागतं ते मला बघायची सवय. सगळ्या पाठीवर पाण्याचे टपोरे थेंब झाले आणि घरंगळले. भोकाभोवती मात्र अंगठ्याएवढ्या जागेत पाणी चपटं पसरलं. बोट लावलं. चिकट! बाकीच्या तिन्ही फरश्यांची तीच जागा बघितली. गुळगुळीत.

म्हणजे टेप या भोकावर होती. पण लावायची कशाला? आणि भोक बुजवल्यावर उलट पाणी आत जायला नको, नाही का?

ताई दुकानात खोक्यावर बसली होती. मी लांबूनच विचारलं, "ताई, पाठीवरचं ते भोक कशाला गं?"

"श्वास घ्यायला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "भोकाच्या आत पापुद्रा असतो. त्यातून हवा जाते, पाणी जात नाही. फरशी तापली की आतली हवा फुगून बाहेर जाते. वरून गार पाणी पडलं की आतली उरलेली हवा आक्रसते. तेव्हा बाहेरची हवा त्या भोकातून आत येते आणि हिशेब मिटतो."

"आणि भोक बंद असलं तर?"

"तर फरशी जिथून मिळेल तिथून ओढून घेणार. वायर जिथे शिरते तिथून पाणीच ओढेल, स्ट्रॉने सरबत ओढतो तसं. पण भोक उघडं होतं. मी बघितलं. का विचारताय?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कोणीतरी पाऊस पडण्याआधी फरशीचं नाक दाबलं होतं, आणि फरशी मेल्यावर सोडलंही होतं. झुंबडीत. आमच्यासमोर.

टेप माझ्या खिशात होती. ती दाखवून काय म्हणणार होतो? 'ही माझ्याच बुटाला मिळाली, पण मी नव्हे'? असं बोलणाऱ्याला मीसुद्धा सोडलं नसतं.

"सहज," मी म्हणालो.

ताईने पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्ही सहज काही विचारत नाही, काका."

४

आमच्या हिच्या खिडकीतून सगळी गल्ली दिसते. मी तिला वचकून असतो त्याचं निम्मं कारण ती खिडकी.

"सकाळी," ही म्हणाली, "दूध तापवत होते तेव्हा भावोजींना तुमच्या आवारात शिरताना बघितलं. एकटेच होते."

"आधी नाही सांगितलंस?"

"आधी तुमचाच संशय होता."

भावोजी तर ताईबरोबर आले होते. निदान आम्ही तसं बघितलं होतं. मी त्यांच्या घरी गेलो. ते पेपर तपासत बसले होते.

"भावोजी, सकाळी सकाळी माझ्याकडे काय काम काढलं होतं?"

लाल पेन थांबलं. "कोण म्हणालं?"

"खिडकी."

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, दार लोटून घेतलं. "हिला बोलू नका. स्टुडिओच्या साहेबांना फोन करायचा होता. हिची जागा अजून भरली नाहीये. म्हटलं, थोडे दिवस तशीच ठेवा." त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. "घरून कसा करणार? ऐकलं असतं तर हिने मला घराबाहेर काढलं असतं."

"म्हणजे ती हरावी असं तुम्हाला वाटत होतं."

"ती पडली तर खाली गादी असावी, एवढंच!"

"पडायच्या आधीच गादी घालणाऱ्यावर लोक ढकलल्याचा आळ घेतात, भावोजी."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी खिशातून टेपचं अख्खं रीळ काढलं. "एक काम करा. या चष्म्याच्या घराला एवढुशी टेप लावून द्या, खिळखिळं झालंय."

त्यांनी आधी पट्टी घेतली. मोजलं. कात्री घेतली. काटकोनात कापलं. दोन्ही टोकं सपाट चिकटवली आणि वरून नखाने घोटलं. दुमडबिमड काही नाही. हा माणूस टेप नाही लावत, प्रमेय सिद्ध करतो.

"भावोजी, आवारात आणखी काही दिसलं?"

ते घुटमळले. "मी शिरलो, फाटक वाजलं, आणि ताडपत्रीच्या आत काहीतरी हललं. माणूस होता. मी फोन संपवला आणि सटकलो."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"मला वाटलं, तुम्हीच आहात."

५

टेपचं दुमडलेलं टोक माझ्या डोक्यातून जाईना. मी टेप दाताने तोडतो, माझ्या तुकड्याला दातांची नक्षी असते. हिच्याकडे टेप लागतच नाही, ती सुईदोऱ्याची माणूस. भावोजींचा निकाल लागला होता.

मामा दुकानात वायरची वेटोळी घालत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जिंकलास. आता काय पेढे मागायला आलास?"

"आपण जिंकलो, मामा. तुम्हीपण माझ्याच बाजूने होतात."

वेटोळं पूर्ण झालं. त्यांनी टेपचा तुकडा फाडला, वायरीला गुंडाळला आणि बोलता बोलता अंगठ्याने त्याचं टोक आत दुमडलं. बघितलंही नाही. हातच तो.

"मामा, हा कान कशाला ठेवता हो टेपला?"

"अरे, लावणारा मी असतो, काढणारा दुसराच कोणी. त्याला टोक सापडायला नको? नखं मोडत बसेल बिचारा. पोरीलाही पहिल्या दिवशी हेच शिकवलं, टेप लावशील तिथे कान ठेव."

मी खिशातला तुकडा काढला आणि त्यांच्यापुढे गल्ल्यावर ठेवला. कान वर.

मामांचे हात थांबले.

इथे मला खरा राग आला होता, लपवत नाही. दोनच माणसं कान ठेवतात. ताई स्वतःच्या फरशीचं नाक दाबणार नाही. उरले कोण? ज्यांचे जुने दिवे या फरश्यांमुळे गिऱ्हाइकाअभावी बसून राहणार, ते. "भाचीला असं बुडवलंत?" म्हणायला मी तोंडही उघडलं. आणि तसाच राहिलो.

कारण कान माझ्याकडे बघत होता.

"मामा," मी म्हणालो, "नुकसान करायला आलेला माणूस काढणाऱ्याच्या नखांची काळजी करतो का हो?"

मामा स्टुलावर बसले.

"भोक होतं रे तिथे," ते म्हणाले. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. विजेच्या दिव्याला पाठीवर उघडं भोक! मला वाटलं, कारखान्यात स्क्रू घालायचा विसरले. आणि ही पोरगी त्याच्यावर पाऊस पाडणार, सगळ्या गल्लीसमोर. मी आयुष्यभर काय केलं? पाऊस आला की दिसेल ते भोक टेपने बुजवलं. चारही बुजवणार होतो. एक झालं, तेवढ्यात फाटक वाजलं. कोणी बघेल म्हणून बाकीची तशीच सोडून निघालो."

"पण पैज तर तुम्ही विरुद्ध लावली होती!"

"तिच्या बाजूने लावली असती तर गल्ली म्हणाली असती, याचे दिवे संपले, आता भाचीच्या दिव्यांची आरती करतोय." त्यांनी तो तुकडा उचलला. "मी पैज हरायला गेलो होतो रे."

आणि मग जे विचारलं ते मला फार लागलं. "एवढंच कळत नाही. भोक तर मी बुजवलं होतं. मग पाणी गेलं कुठून?"

मी सांगितलं. श्वास, स्ट्रॉ, सगळं. मामांचा चेहरा विझत गेला.

"म्हणजे मीच मारली ती," ते म्हणाले.

"चला, ताईला सांगू."

"नको!" त्यांनी माझं मनगट धरलं. "दुसऱ्याच्या दिव्याला न विचारता हात लावायचा नाही, हे मीच तिच्या कानीकपाळी ओरडत आलोय. म्हणून तर झुंबडीत ती टेप ओढून काढली. कोणत्या तोंडाने सांगू?"

बाहेर गाडीचं दार वाजलं. मॅडम आल्या होत्या. वेळेच्या आधी.

६

मॅडम मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी भिंत बघितली, मेलेली फरशी बघितली, काचेआडचं पाणी बघितलं.

"हे कसं झालं?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. लपवता आलं असतं, पण तिने लपवलं नाही.

"सामना चालू असताना असं झालं तर मला 'माहीत नाही' म्हणून चालत नाही." मॅडमनी पर्सची चेन लावली. वळल्या.

मी पुढे झालो. "थांबा. मला माहीत आहे. श्वासाच्या भोकावर टेप होती."

ताई गर्रकन वळली. मॅडमनी विचारलं, "कोणी लावली?"

मी मामांकडे बघितलं. मामा जमिनीकडे बघत होते. म्हटलं, माझ्या नावावर आधीच एवढे डाग, आणखी एक पडला तर कोणाला दिसणार?

"मी," मी म्हणालो. "गंमत केली."

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "पाऊसकाका, आजच्यानंतर तुमच्या पावसात मी पाऊल ठेवणार नाही."

आमची ही माझ्याकडे बघत होती. हिला सगळं कळतं. तिने फक्त ओठ मुडपले.

"हे मिळून रचलेलं नाही कशावरून?" मॅडम म्हणाल्या. "माल खराब निघाला की कोणीही टेपची गोष्ट सांगेल."

ताई तडक दुकानात गेली. खोक्यातून कोरी करकरीत फरशी आणली, मेलेलीच्या जागी खटकन बसवली. मामांच्या खांद्यावरचं टेपचं रीळ ओढलं, तुकडा फाडला आणि स्वतःच्या हाताने नव्या फरशीच्या भोकावर चिकटवला. टोक दुमडून. मामांनी डोळे मिटले.

"अगं, ही पण जाईल!" भावोजी कळवळले.

"जायलाच हवी," ताई म्हणाली. "ही गेली नाही तर मी संपले."

भिंत पेटली, तापली. मी कॉक धरून उभा. एवढा मन लावून पाऊस मी कुठल्याच हिरोइनवर पाडला नव्हता.

धो धो धो. चारही जळतायत. मॅडमनी भुवई उचलली. भावोजी पुटपुटत कसलेतरी पाढे म्हणत होते. आणि टेपवाली फडफडली, काचेआड पाण्याची रेघ खाली आली, गेली.

बाकीच्या तिघी तशाच. सकाळपासून दोनदा भिजलेल्या त्याच तिघी. मॅडम बघत राहिल्या. पुढे झाल्या, पावसाचे शिंतोडे अंगावर घेत भिंतीच्या मागे गेल्या, उघडी भोकं बघितली. बराच वेळ गेला, टाकीचा तळ दिसायला लागला, तरी तिघी हटल्या नाहीत.

"ही परीक्षा घ्यायचं मला सुचलं नसतं," मॅडम ताईला म्हणाल्या. "मैदानाच्या चारही बाजूंना अशा भिंती लागतील. प्रत्येक भोकाशेजारी एक पाटी लावा, झाकू नका म्हणून. बाकी उद्या बोलू."

ताई खालीच बसली. भावोजी तिच्याशेजारी, चिखलात, इस्त्रीच्या पँटसकट.

७

उघड्या भोकांच्या तिन्ही फरश्या टिकल्या, म्हणजे पैज मी हरलो होतो. गल्ली जमलीच होती, टाळ्या सुरू झाल्या. "बेडूक! बेडूक!"

"आणते," म्हणून आमची ही गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. "अहो, हँगर रिकामा आहे!"

सगळ्यांची नजर पुन्हा माझ्यावर. "आता मात्र खरंच मी नाही!" मी ओरडलो, आणि 'आता मात्र' म्हणून पुन्हा फसलो.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. बेडूक आत आला.

हिरवा, पोट सुटलेला, एक डोळा लोंबणारा. चालत चालत तो उरलेल्या पावसात शिरला आणि गुडघ्यावर हात ठेवून उडी मारली. दुसरी मारली. "डराव," बेडूक म्हणाला. आणि चांगलंच घोगरं खोकला. गल्लीत हशा पिकला आणि हळूहळू विरला, कारण तो खोकला सगळ्यांच्या ओळखीचा.

बेडूक ताईसमोर येऊन थांबला. डोकं काढलं.

"टेप पाऊसवाल्याने नाही लावली," मामा म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी लावली. मला वाटलं, भोक चुकून उघडं राहिलंय."

ताई उठून उभी राहिली. मामांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मामांकडे.

"मामा, मला विचारायचं ना!"

"तुला? मी?" मामांच्या कपाळावरून पाणी गळत होतं. ते पावसाचं होतं असं मी मानतो. मग त्यांनी बेडकाचं डोकं काखेत नीट धरलं, भिंतीच्या मागे गेले आणि वाकले. "बरं, आता विचारतो. हे कसं चालतं, समजावून सांग. सावकाश सांग हां, मला तापणाऱ्या दिव्यांची सवय आहे."

ताई त्यांच्याशेजारी वाकली आणि बोट दाखवून सांगायला लागली. बेडूक मान डोलवत होता.

मी हळूच मागच्या मागे सरकत होतो. ड्रेस एकच, तो मामांनी घातलेला, म्हणजे माझी सुटका झाली, असा माझा हिशेब.

"अहो, कुठे निघालात?" आमची ही दारात उभी. हातात पिवळंधमक काहीतरी, शेपटीसकट. "बेडूक गेला म्हणून काय झालं? बदक आहे ना!"

"काका," ताई भिंतीमागून ओरडली, "चोच विसरू नका!" आणि तिने त्या तिन्ही फरश्या माझ्यावर रोखल्या.

गल्ली ओरडली, "उडी!"

मारली.